आधी सुरा, मग तुतारी

हिंटरआउ, सोमवार, १४ सप्टेंबर १९८७

माननीय प्रमुख, हिंटरआउ शिकार मंडळ,
श्री. वेंडेलिन ग्रोसिंग यांस,

शनिवार, १२ सप्टेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ मी आधीच लिहून टाकते, कारण मंडळाच्या स्मरणशक्तीवर बिअरचा फेस फार लवकर चढतो. या वेळी, लार्चकोगेलच्या उतारावर, आपण माझा उजवा हात मनगटाशी धरलात. त्या हातात सुरा होता. समोर मी मारलेला हरणाचा नर पडला होता, दहा टोकांच्या शिंगांचा, अजून गरम. बाह्या दुमडून मी गुडघ्यांवर बसले होते आणि पोटाला पहिली चीर देणार, एवढ्यात आपली स्वारी एवाल्ड जावईबापूंना घेऊन ट्रॅक्टरवरून अवतरली.

"वहिनी, थांबा! पहिला नर आहे तुमचा," आपण म्हणालात. "मंडळाचा नियम काय? पहिल्या नराला पहिला सुरा प्रमुखाचा."

"मग लावा ना सुरा. प्रमुख इथेच उभे आहेत."

"असा रानात? छे! मानानं व्हायला हवं. खाली चौकात. डहाळ्या, तुताऱ्या, सगळं."

मी आपल्या दिवंगत थोरल्या भावाची बायको आहे. आंब्रोस गेल्यावर त्याच्या मचाणावर मी एकटी बसते आणि आजवर ज्या माद्या मारल्या त्या सगळ्या जागच्या जागी माझ्या हातांनी साफ केल्या. तेव्हा कुणाला तुतारी आठवली नव्हती. पण नर मारल्याबरोबर मी एकदम मानाची झाले. आपल्या मंडळात बाईला मान मिळतो तो असा, हात धरून.

पुढचं आपण विसरला असाल म्हणून सांगते. नराला ट्रॅक्टरच्या गाडीत टाकलं आणि वर ताडपत्री पांघरली. त्याला सर्दी होऊ नये म्हणून असेल. दक्षिणेचा तो गरम वारा सुटला होता. मी गाडीत बसून त्याच्या कुशीवर हात ठेवला होता. भट्टीतून काढलेल्या पावासारखी ती कूस लागत होती, आणि गाव येईपर्यंत निवायची सोडून तापतच गेली. मी तीनदा ओरडून सांगितलं. एवाल्डनं तीनदा हात हलवून मला हसून दाखवलं.

मेलेल्या हरणाचं पोट मेलेलं नसतं, हे शिकारीच्या प्रमुखाला सांगायची पाळी यावी! आतला पाला आंबतच राहतो. वर कातडी थंडीसाठी दाट झालेली. रजईत गुंडाळलेला निखारा. एवढ्यासाठीच तर आपण लगेच पोट उघडतो, आतडी बाहेर काढतो, छातीत काठी अडकवून फासळ्या फाकवतो आणि सावलीत वाऱ्याला टांगतो. हे काही मी मठाच्या शाळेत शिकले नाही. हे मला आंब्रोसनं शिकवलं आणि त्याला ज्यांनी शिकवलं त्या आपल्याच वडिलांनी आपल्यालाही शिकवलं होतं.

चौकात, खाणावळीसमोर, फरच्या डहाळ्यांवर नर मांडला. तोंडात शेवटचा घास म्हणून डहाळी दिली. फार सुंदर. मग कळलं की तुतारीवाले चार, हजर दोन. तिसरा चीज पोचवायला गेलेला, चौथा त्याला शोधायला. तोवर बिअर. मग साप्ताहिकाचा छायाचित्रकार. मग आपलं भाषण, विषय "स्त्री आणि अरण्य". मला वाटलं होतं आपल्याला भाषणं येत नाहीत. बरोबरच वाटलं होतं. मग तुताऱ्या, मग पुन्हा बिअर, आणि माश्या, ज्यांना कुणीही बोलावलं नव्हतं तरी वेळेवर आल्या त्या एकट्याच.

दुपारचे साडेबारा वाजून गेल्यावर पोट उघडलं, आणि तेही आपण नाही! "एवाल्ड, तू घे बाबा, मी दमलो," म्हणून आपण निघून गेलात. ज्या मानासाठी मला सहा तास तिष्ठत ठेवलं तो मान शेवटी जावयाच्या ताटात. एवाल्डनं आतली घाण, कलेजी, सगळं बादल्यांत भरून कुठेतरी नेलं. आत काय होतं ते मला पाहूही दिलं नाही.

रविवारी मांडी मठात पोचवली. ती मला शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आडेलगुंडेनं मठाचं व्रत घेतल्याच्या साठाव्या वर्षासाठी होती, संत मिखाएलच्या दिवशीच्या जेवणाला. मी तिला तीन वर्षांपूर्वी शब्द दिला होता. तिनं हाडाजवळ सुरी खुपसली, बाहेर काढून हुंगली आणि मांस कागदात परत बांधलं. आत तांब्यासारखा रंग, कडेला हिरवट, आणि वास नासक्या अंड्याचा. सारा नर गेला. एक जीव मी घेतला, आणि तो कुणाच्या पोटात न जाता खड्ड्यात गेला. मेलेल्याचा एवढा मान आजवर कुणी राखला नसेल.

चूक मंडळाची होती असं लेखी हवं आहे. आपण सवडीनं द्यालच. सवड आपल्याकडे भरपूर असते, हे शनिवारी दिसलं.

नोटबुर्गा ग्रोसिंग


हिंटरआउ, रविवार, २० सप्टेंबर १९८७

आदरणीय वहिनी,

तुमचं पत्र मंडळापुढे वाचलं. माश्यांपर्यंत पोचलो तेव्हा खजिनदार हसू लागले, म्हणून पुन्हा सुरुवातीपासून वाचावं लागलं. लेखणीला धार आहे तुमच्या, दादा म्हणायचा तसंच.

पण गैरसमज दूर करायला हवा. मांस नासलं ते उशिरामुळे नव्हे. एवाल्डनं पोट उघडलं तेव्हा त्याला दिसलं की गोळी मागे गेली होती, पोटात. आतडी फुटून घाण सगळीकडे पसरलेली. अशा हरणाचं मांस लगेच उघडलं तरी हाती लागत नाही, हे तुम्हांला मी काय सांगू. होतं असं. उजेड कमी, त्यात वय. कुणी तुम्हांला नावं ठेवत नाही. चौकात सगळ्यांसमोर बोललो नाही ते तुमचा मान म्हणूनच.

राहिलं उशिराचं. वहिनी, छायाचित्रासाठी तुम्हीही उभ्या होतात. डावा गाल बरा दिसतो म्हणून त्या पोराला दोनदा जागा बदलायला लावलीत. साप्ताहिकात फोटो छान आलाय. लेकीनं, रोझवितानं, तो कापून ठेवलाय.

मांसाचं म्हणाल तर खाणावळीत सांगतात, लाल दारूत जुनिपरचे दाणे टाकून आठवडाभर मुरवलं की कशाचाच वास राहत नाही. मठात फारसं चोखंदळ खात नसतील.

आणखी एक. मंडळाचं मत पडलं की लार्चकोगेलचा चढ आता तुम्हांला झेपत नाही. दादाचं मचाण पुढच्या वर्षापासून एवाल्डला द्यावं असा ठराव ३ नोव्हेंबरला, संत हुबर्टुसच्या दिवशी, सभेपुढे येईल. तुम्हांला ओढ्याकाठचं खालचं मचाण मिळेल. तिथे बाकालाही पाठ आहे. मनाला लावून घेऊ नका.

तुमचा,
वेंडेलिन


हिंटरआउ, बुधवार, २३ सप्टेंबर १९८७

माननीय प्रमुख,

पाठ असलेल्या बाकाबद्दल आभारी आहे. उशी मी घरून आणीन. समोरून बदकं गेली तर त्यांना "सुप्रभात" म्हणेन.

आता गोळीबद्दल. पोटात गोळी लागलेलं हरीण पाठ कमानीसारखी करतं आणि कण्हत चालू लागतं, मग झुडपात जाऊन पडतं. माझ्या नरानं पुढे उडी घेतली, उतारावर सरळ धावला आणि मचाणावरून दिसेल इतक्या जवळ कोसळला. गवतावर रक्त गुलाबी होतं, फेसाळ. फुफ्फुसाचं. हिरवट पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता. हे आपण पाहिलंत, कारण आपले बूट त्यात उभे होते.

शिवाय पोटात गोळी गेली तर आधी नासतं ते पोटाकडचं. इथे नासलं ते मांडीत, हाडाच्या कडेला, जिथे मांस सर्वांत जाड आणि उष्णता सर्वांत उशिरा निघते. घाणीनं नव्हे, गुदमरून. मठात आम्हांला खोटं बोलायला शिकवलं नाही हे खरं, पण सिस्टर कुनिगुंडेनं ते ओळखायला पक्कं शिकवलं. तिच्यासमोर शाळेत एकदा एक मुलगी म्हणाली की तिची वही उंदरानं खाल्ली. सिस्टरनं शांतपणे विचारलं, "आणि शाईची चव कशी लागली म्हणाला?" तोच प्रश्न मी एवाल्डला विचारीन.

एवाल्डला मचाण हवं असेल तर तो चर्चच्या घंटेलाही पोटात गोळीचं भोक दाखवील. मला नवल त्याचं नाही. तुमचं आहे.

मुरवण्याविषयी. लाल दारू आणि जुनिपर हा खाणावळींचा कबुलीजबाब आहे. चांगल्या मांसाला मीठ पुरतं. मठात चोखंदळ खात नाहीत, हे खरं. पण तिथे पंधरा वृद्ध बायका आहेत आणि त्यांच्यापैकी कुणी एक आजारी पडली तर खाली चौकात मी कोणाचं नाव घ्यायचं? प्रमुखांचं की जुनिपरचं?

आणि फोटो. मी जागा बदलायला लावली कारण सूर्य थेट नराच्या पोटावर पडत होता आणि मला त्याच्यावर सावली हवी होती. माझी. दुसरी कुठली तिथे नव्हती. डाव्या गालाबद्दल आपण लिहिलंत ते मात्र खरं आहे, तो बरा आहे.

ते मचाण आंब्रोसनं आणि मी बांधलं. फळ्या मी वाहिल्या. तो खिळे ठोकायचा आणि मी खाली उभी राहून सांगायचे की वाकडं होतंय. शेवटच्या उन्हाळ्यात त्याला वर चढवत नव्हतं, तेव्हा मी वर बसायचे आणि तो खाली बुंध्याला टेकून बसायचा, मी काय पाहते ते विचारत. म्हणजे काय, ते आपल्याला कळावं अशी अपेक्षा नाही. आपल्या मंडळात मचाण म्हणजे चढ, आणि चढ म्हणजे वय.

नोटबुर्गा ग्रोसिंग


मठ, गुरुवार, १ ऑक्टोबर १९८७

प्रिय नोटबुर्गा,

तुझे सफरचंदाचे स्ट्रुडेल पोचले आणि संपलेही. साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून मला दोन मिळाले. मांसाचं दुःख करू नकोस. रव्याचे गोळे आम्ही करतोच, फक्त या वेळी त्यांच्यावर मशरूमचा रस्सा होता आणि प्रार्थना जरा जास्त लांबली. भूक लागलेली असेल तर ती लांबते, हे तुला आठवत असेलच.

तुझा दीर वेंडेलिन मंगळवारी आला होता. सफरचंदांच्या दोन पेट्या घेऊन, क्षमा मागायला. कशाची ते नीट सांगितलं नाही. पेट्या पायरीवरच ठेवल्या, आत आणल्या नाहीत. मी कॉफी आणली तर घेतली नाही. लहान असताना पाव मागायला आमच्या मागच्या दाराशी येणारा हा मुलगा, आयुष्यात कधी कॉफीला नाही म्हणाला नाही. उभ्या उभ्या, हात खिशात घालून, मला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा दिल्या. मठाच्या प्रमुख सिस्टरला ते उर्मट वाटलं. मला वाटलं नाही.

तू रागावलेली आहेस, आणि तुला अधिकार आहे. पण रागात तू माणसाकडे बघत नाहीस, त्याच्या वाक्यांकडे बघतेस. शाळेतही असंच करायचीस.

तुझी,
आडेलगुंडे


हिंटरआउ, सोमवार, ५ ऑक्टोबर १९८७

माननीय प्रमुख,

आपण मठात सफरचंदं पोचवलीत असं कळलं. नर गेला, फळं आली. कॉफी घेतली नाहीत, हेही कळलं. लाज वाटली असेल. उशिरा का होईना, वाटली.

एक बातमी. चामडं कमावणाऱ्याकडे मी परवा गेले होते. माझ्या नराचं कातडं अजून तिथेच आहे, मिठात गुंडाळलेलं. एवाल्डनं मांस पुरलं, पण कातडं पुरायला त्याचा जीव झाला नाही. ते मी टेबलावर पसरून घेतलं. एक भोक डाव्या खांद्यामागे. दुसरं उजव्या खांद्यामागे. पोटावर फक्त एवाल्डची चीर, आणि तीही वाकडी.

हे कातडं मी ३ नोव्हेंबरला सभेत भिंतीवर लावणार आहे. सगळ्यांनी जवळ येऊन बोट घालून बघावं.

आणि माझीही एक सूचना सभेपुढे येईल. सभेआधी कुणीतरी एक मादी आणावी आणि माननीय प्रमुखांनी सगळ्यांसमोर ती स्वतःच्या हातानं उघडून दाखवावी, म्हणजे या कामाला किती वेळ लागतो ते नव्या सदस्यांना कळेल. तुताऱ्या वाजल्या तरी हरकत नाही, पण कापताना. प्रमुखांना हे नको असेल तर का नको, ते त्यांनी सभेत सांगावं.

नोटबुर्गा ग्रोसिंग


हिंटरआउ, मंगळवार, १३ ऑक्टोबर १९८७

वहिनी,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. आधीचं मी बोललो आणि रोझवितानं लिहिलं. चष्मा सापडत नाही असं तिला सांगितलं होतं. अक्षर बघा म्हणजे का ते कळेल. चौथा कागद आहे हा.

गेल्या हिवाळ्यापासून उजवा हात ऐकत नाही. आधी फक्त चमचा. मग बटणं. मे महिन्यात एक छोटा नर मी एकट्यानं उघडायला घेतला आणि सुरा आतड्यात गेला, मग मूत्राशयात. सगळं मांसावर. तो मी रानातच पुरला आणि घरी सांगितलं की नेम चुकला. तेव्हापासून बंदूक हातात घेतली नाही. नुसती खांद्याला अडकवून फिरतो, रिकामी.

त्या सकाळी तुम्ही म्हणालात, लावा ना सुरा. एवाल्ड शेजारी उभा होता. मी तुमचा हात धरला तेव्हा माझा थरथरत होता, म्हणून इतका घट्ट धरला. दुखलं असेल तर माफ करा.

मला वाटलं खाली जाईपर्यंत थांबेल. कधी कधी थांबतो. चौकात थांबेना. मग तुतारीवाल्यांना शोधायला मीच माणूस पाठवला. तो परत आला तरी थांबेना, म्हणून भाषण केलं. भाषण मला येत नाही हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. खिशातला हात थांबतोय का ते बघत बोलत होतो, म्हणून ते संपेना. पण तुमच्याबद्दल त्यात जे म्हणालो ते खोटं नव्हतं. दादाला अभिमान वाटला असता असं म्हणालो, ते तर अजिबात खोटं नव्हतं.

मांस बिघडतंय हे मला कळत होतं. ते मी सोडून कुणाला कळणार. तुम्ही गाडीतून ओरडत होतात तेही ऐकू आलं.

एवाल्डला हाताचं समजलंय. तोच म्हणाला, "बाबा, गोळी पोटात गेली होती म्हणू या, सगळ्यांचं निभेल." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यानं लार्चकोगेलचं काढलं. मग मला नाही म्हणता आलं नाही.

तुम्ही कातडं भिंतीवर लावा. तुमचा हक्क आहे. मला कुणासमोर सुरा घ्यायला लावला तर मी घेणार नाही, मी उठून जाईन, आणि मग सगळ्यांना कळेलच. कळू दे. फक्त रोझविताला आधी मी सांगेन, सभेत नको. तिला तिच्या नवऱ्याचंही कळेल तेव्हा.

कॉफी मला फार आवडते, वहिनी. बशीत सांडते, म्हणून.

वेंडेलिन


हिंटरआउ, शुक्रवार, १६ ऑक्टोबर १९८७

वेंडेलिन,

"माननीय" वगैरे पुरे झालं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि माझ्या रुखवताच्या पेटीत बेडूक ठेवला होतास.

तुझं पत्र मला चष्मा, भिंग आणि दोन कप कॉफी घेऊन वाचावं लागलं. सिस्टर कुनिगुंडेनं असं अक्षर पाहून बोटं फोडली असती. मी दोनदा वाचलं. नंतर भांडी घासली. मग पुन्हा वाचलं.

मी पूर्वीपेक्षा जास्त रागावले आहे, हे आधी सांगते. एका फुगलेल्या मूर्खावर चिडण्यात मला महिनाभर किती आनंद मिळत होता तुला कल्पना नाही. सकाळी उठायला कारण होतं. मांसाबरोबर तू तेही नासवलंस.

आणि मला एक सांग. तुला वाटलं काय, की मला कळलं असतं तर मी चौकात दवंडी पिटली असती? शेवटच्या वर्षी आंब्रोसच्या हरणांना कोण उघडत होतं असं तुला वाटतं? तो बुंध्याला टेकून बसायचा आणि मी कापायचे. खाली गावात येऊन तो म्हणायचा, "आज सुरा छान चालला." मी कधी काही बोलले नाही. तूही नेहमी म्हणायचास, दादाचा हात अजून काय सफाईनं चालतो! मी ऐकून घ्यायचे. छान वाटायचं.

आता काम. कातडं माझ्याकडे आहे आणि ते भिंतीवर लागणार नाही. एवाल्डला मी काल दूधवाल्याकडे गाठलं. "काकू, काय म्हणता, तब्येत कशी?" म्हणाला. मी म्हटलं, "तब्येत ठीक. दोन भोकं आहेत माझ्याकडे, दोन्ही खांद्यामागची. एक तुला दाखवू की दोन्ही?" त्याला अचानक दूध घ्यायचं नव्हतं असं आठवलं. मचाणाची मागणी तो स्वतः मागे घेईल. त्याच्या बायकोला मी काही सांगणार नाही. ते तू सांग, आणि लवकर, आणि बसून, आणि नवऱ्याचं शेवटी.

सभेत तू उभा राहून म्हणायचं की नोटबुर्गाची गोळी खांद्यामागे लागली होती, नेम उत्तम होता, आणि मांस नासलं कारण आम्ही तुताऱ्यांची वाट पाहत बसलो. हे सगळं खरं आहे. तुझ्या हाताबद्दल एक अक्षरही बोलू नकोस. तो तुझा हात आहे, मंडळाचा नाही. मग ठराव मांडायचा की यापुढे ज्याचं हरीण त्यानंच ते जागच्या जागी उघडायचं, आधी सुरा, मग तुतारी, पहिला नर असो नाही तर विसावा. प्रमुखाचा पहिला सुरा बंद. खजिनदार हसतील, तर हसू देत. मी त्यांच्याकडे पाहीन.

नियम गेला की तुला कुणी सुरा घे म्हणणार नाही. एवढं तुला सुचू नये! चार पिढ्यांचा नियम म्हणून तू एक अख्खा नर, एक वहिनी आणि तुझी झोप पणाला लावलीस, पण नियमाला हात लावावा हे डोक्यात आलं नाही. आपल्या खोऱ्यातल्या पुरुषांनाच हे जमतं.

ग्राझला डॉक्टर आहे. मी बसची चौकशी केली आहे. बरोबर मी येईन, कारण तू एकटा गेलास तर त्याला सांगशील की नेम चुकतो.

मठाचं देणं माझ्यावर अजून आहे. शनिवारी, ३१ ऑक्टोबरला, पहाटे मी लार्चकोगेलवर मादीसाठी बसणार आहे. तू बुंध्याशी बस. मिळाली तर मागचे पाय तू धरायचेस, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून. पाय धरताना हात थरथरला तर कुणाचं काही बिघडत नाही, हरीण तर तक्रार करणार नाहीच. मी कापीन. छातीत काठी अडकवायची ती तू अडकव. मग सावलीत टांगू आणि ती गार होईपर्यंत तिथेच बसू. कॉफी मी थर्मासमधून आणीन. झाकणात अर्धीच ओतीन, म्हणजे सांडणार नाही.

येणार की नाही, आणि सभेत बोलणार की नाही, या दोन्ही गोष्टींचं उत्तर लेखी हवं. बुधवार, २८ ऑक्टोबर, संध्याकाळच्या घंटेआधी ते माझ्या टपालपेटीत पडलं पाहिजे. रोझविताच्या अक्षरातलं चालणार नाही. तुझ्याच हातचं हवं, मला वाचता आलं नाही तरी.

नोटबुर्गा